कोंबड्याचं पान

आमच्या बाइंडिंगच्या दुकानात जुनी पुस्तकं घेऊन येणाऱ्यांचा चेहरा दवाखान्यात आल्यासारखा असतो. पुस्तक पोटाशी धरलेलं, आवाज खाली, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "वाचेल ना हो?" गुरांचे डॉक्टर मात्र हसत हसत आत आले.

"आयुष्यभर लोकांच्या जनावरांना टाके घातले," ते म्हणाले, "आता माझ्या जनावराला तुम्ही घाला." आणि त्यांनी टेबलावर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. पाठ निखळलेली, फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या घड्या, सुटून बाहेर डोकावणारे, एका कोपऱ्यावर कधीकाळच्या उंदराची सही.

दुकान आमच्या दोघांचं. मी शिवण घालते, हे पुठ्ठा, कातडं आणि प्रेस सांभाळतात. मी बोलते आणि हे मान हलवतात, अशीही वाटणी आहे. खाली दुकान, वर घर आणि वरच्या मागच्या खोलीत वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण. शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून त्यांनी ब्रश हातात धरला नव्हता. शब्दकोडी सोडवायच्या आणि शब्दकोडी करणाऱ्याला नावं ठेवायच्या.

पुस्तक होतं शेतावरच्या पाळीव पक्ष्यांचं. लिहिणारा कुणी जुना हौशी माणूस असावा, कारण एकेका जातीचं वर्णन त्याने असं केलं होतं की जणू स्थळ सुचवतोय. स्वभाव कसा, खाणं किती, शेजाऱ्यांशी वागणूक कशी. प्रत्येक वर्णनासमोर एक रंगीत चित्र. डॉक्टरांकडे असल्या पुस्तकांचं अख्खं कपाट होतं. घोड्यांचे रोग, गवतं, मधमाश्या, सलगमाची लागवड.

"एकात लिहिलंय की थंडीत पाकोळ्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात," डॉक्टर म्हणाले. "आणि इतक्या खात्रीने लिहिलंय की वाचताना मला वाटतं, आपणच कधी तळ्यात नीट वाकून पाहिलं नाही."

हे पुस्तक त्यांना नातीला द्यायचं होतं. ती त्यांच्यासारखीच जनावरांची डॉक्टर व्हायला निघाली होती, महिनाअखेर कॉलेजच्या गावी जाणार होती.

मी फर्मे मोजता मोजता एका जागी थांबले. शिवणीत कागदाची एक बारीक पट्टी तेवढी उरली होती. चित्राचं पान कुणीतरी पात्याने सफाईने कापून नेलेलं.

"हो, ते माहितेय मला," डॉक्टर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांचं हसू जरा उतरलं. "भंगारवाल्याकडून घेतलं तेव्हापासून तसंच आहे. फ्रेम करून लावायला नेतात लोक. या कोंबड्याचं वर्णन मी कैक वर्षं वाचतोय हो, पण तोंड काही पाहिलेलं नाही."

त्यांनी शेजारचा मजकूर वाचून दाखवला. तोंडपाठच होता. "'ह्या जातीच्या नरास मस्तकावर पिसांची टोपी, गालांवर दाढी व पायांस पाच बोटे असतात. अंग काळे असून त्यावर पांढरे ठिपके. हा पक्षी स्वतःस घराचा मालक व मालकास भाडेकरू समजतो.'"

हे खुदकन हसले. ह्यांना हसवणं सोपं काम नाही.

मग ह्यांनीच ते पान उजेडात तिरकं धरलं. चित्राचा रंग वर्षानुवर्षं समोरच्या पानावर दाबला गेला होता आणि मजकुराच्या ओळींमधून चहाच्या डागासारखी एक फिकट सावली दिसत होती. शेपटीची कमान, वर उचललेला एक पाय, मागे वळलेली मान. डोळा नव्हता, पिसं नव्हती. कोंबडा नुसता तिथून उठून गेल्यासारखा.

"कोरं पान घालू," हे म्हणाले. "आकार बरोबर राहील."

"घाला," डॉक्टर म्हणाले. पण ते 'घाला' असं होतं की मी पुस्तक मिटायचं सोडून ते पान तसंच उघडं ठेवलं.

नेमक्या तेव्हा वन्सं कात्री मागायला खाली आल्या. कात्री मिळाल्यावरही त्या गेल्या नाहीत. चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्या सावलीकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"उलटा आहे हा," त्या म्हणाल्या. "छापा पडलाय ना, म्हणजे मूळचा डावीकडे बघत असणार." आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत झाडू मारायला गेले तर कचऱ्याची टोपली कोंबड्यांनी भरलेली. शब्दकोड्यांच्या मागे, बिलांच्या मागे, पाकिटांवर, जिकडेतिकडे कोंबडे, सगळे उभे-आडवे फाडलेले.

"वन्सं, हे काय?"

"काही नाही. मला कोंबडा काढता येत नाही, एवढंच." त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. "अगं, मी कोंबडा कधी नीट पाहिलाच नाही. पोरांना आयुष्यभर घागर काढायला लावली. घागर, पेला आणि शेजारी एक लिंबू. पोरं मला घागरबाई म्हणायची, माहितेय ना?"

माहीत होतं. बाजारात अजूनही बाप्ये झालेले विद्यार्थी त्यांना बघून हळूच एकमेकांना कोपर मारायचे.

"फोनवर फोटो असतील की," मी म्हटलं.

"फोटोवरून काढायचं तर फोटोच लावा पुस्तकात. मला जिवंत कोंबडा पाहिजे."

मी हे डॉक्टरांना फोनवर गंमत म्हणून सांगितलं. दोन दिवसांनी डॉक्टर दारात हजर, हातात फळांची टोपली, टोपलीवर फडकं आणि फडक्याखालून रागीट कुरकुर.

"माझ्या एका जुन्या पेशंटच्या मालकाकडून आणलाय. याच जातीचा. पाच बोटं मोजून घ्या."

फडकं काढलं आणि आमच्या दुकानात मालक आला. पुस्तकातलं एक अक्षर खोटं नव्हतं. डोक्यावर विस्कटलेल्या पिसांची टोपी, गालांवर दाढी, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, रंगारी काम अर्धवट टाकून पळाल्यासारखे. त्याने एक फेरी मारली, ह्यांच्या चपलेला चोच मारून पाहिली, ती पसंत पडली नाही म्हणून पायालाच मारली. मग टेबलावर चढला आणि मी सकाळी शिजवलेली गव्हाच्या पिठाची खळ अर्धी संपवली.

"अहो, ती पुस्तकाला लावायची आहे!" मी ओरडले.

"पिठाचीच आहे ना? मग बाधणार नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांना काळजी कोंबड्याची.

वन्सं कागद-पेन्सिल घेऊन स्टुलावर बसल्या, पण बसणारं गिऱ्हाईक नव्हतं ते. चोच काढेपर्यंत शेपूट समोर येई, शेपूट काढेपर्यंत तो कपाटाखाली. तेव्हा डॉक्टरांनी पुस्तकातलं मागचं एक पान उघडलं.

"इथे युक्ती दिलीय. 'कोंबड्यास हळूच धरून त्याची चोच जमिनीस टेकवावी व चोचीपासून पुढे खडूने सरळ रेघ ओढावी, म्हणजे तो निश्चल होतो.'"

"खडू माझ्याकडे आहे," वन्सं म्हणाल्या. शिक्षकाच्या पर्समध्ये खडू निवृत्तीनंतरही सापडतो.

डॉक्टरांनी कोंबडा धरला आणि वन्संनी गुडघ्यांवर बसून फरशीवर रेघ ओढली, फळ्यावर ओढावी तशी, सावकाश, एका दमात. डॉक्टरांनी हात काढले. कोंबडा हललाच नाही. रेघेकडे टक लावून पडून राहिला. आम्ही चौघं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतो.

"काढा आता," डॉक्टर कुजबुजले.

वन्संनी पेन्सिल उचलली, एकदा कोंबड्याकडे पाहिलं आणि खाली ठेवली. "काय काढू? हा तर बाजारातून कापून आणल्यासारखा दिसतोय!"

त्या हसायला लागल्या. वन्सं हसल्या की त्यांचा चष्मा वाफाळतो. कितीतरी दिवसांत तो वाफाळलेला मी पाहिला नव्हता. त्या हसण्याने मालक जागे झाले आणि तडक उडून प्रेसच्या लोखंडी चाकावर जाऊन बसले. दुकानातली सगळ्यात उंच जागा ती. तिथून साऱ्यांवर नजर टाकून त्याने बांग दिली आणि शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून कुणीतरी "अरे, हे काय?" असं विचारलं.

मग तेच त्याचं आसन ठरलं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की तो चाकावर, वन्सं स्टुलावर. ह्यांना प्रेस वापरायचा असेल तर आधी परवानगी काढावी लागे. मी खळीचं पातेलं झाकून त्यावर इस्त्री ठेवू लागले. डॉक्टर रोज 'पेशंट कसा आहे' बघायला यायचे आणि पेशंट सोडून सगळ्यांशी गप्पा मारत बसायचे. वन्संनी रंग विकत आणले. पायांची बोटं काढण्यात दोन सकाळी गेल्या. "पाचवं बोट कुठे टेकवतो हेच कळत नाही मेल्याचं," त्या वैतागायच्या, पण जेवायला वर जाताना गुणगुणायच्या.

आठवड्याने चित्र पुरं झालं. ठिपके जिथल्या तिथे, दाढी, टोपी, पाच बोटं, सावलीप्रमाणे एक पाय वर, मान मागे. मला तर फार आवडलं. ह्यांनी मान हलवली. डॉक्टर आले, चित्र हातात घेतलं, जरा दूर धरलं.

"छान झालंय," ते म्हणाले. "अगदी छान. सगळं बरोबर आहे."

वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला 'छान' कुठलं खरं आणि कुठलं बळेच, ते शिकवावं लागत नाही.

"घागर आहे ती," त्या म्हणाल्या. "पिसं लावलेली घागर."

"तसं नाही हो ताई..."

"तसंच आहे. द्या इकडे." चित्र घेऊन त्या वर गेल्या आणि दार लावून घेतलं. डॉक्टर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू त्यांच्या हातून एखादी निरोगी गाय दगावली. "मी काही चुकीचं बोललो का?"

"चुकीचं काही बोलला नाहीत, तेच चुकलं," मी म्हटलं.

संध्याकाळी त्या जेवायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही ऊन चाकावर आलं, कोंबडा चाकावर आला, स्टूल मात्र रिकामं. मी वर जाऊन दारावर टकटक केली.

"वन्सं, तो तुमची वाट बघतोय."

"त्याला सांग, बाई रिटायर झाल्या."

"तुम्हीच सांगा. माझं तो ऐकत नाही."

मी खाली आले. नातीला निघायला सहा दिवस उरले होते. ह्यांनी न बोलता कोरं पान मापाने कापून ठेवलं होतं. मी ते उचलून कपाटाच्या मागे टाकलं. ह्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

दुपारी कागदाची रिमं आली. हमालाने दार सताड उघडलं आणि मालक चाकावरून उडून, रिमांवर पाय देऊन, थेट रस्त्यावर.

"कोंबडा!" मी किंचाळले.

हे धावले, मी धावले, दारात पोचलेले डॉक्टर उलटे फिरून धावले. कोंबडा फुटपाथवरून असा पळत होता की जणू बस चुकतेय. चष्मेवाल्याच्या पायांमधून गेला, फुलवालीच्या बादल्यांवरून उडाला. मागून सपक सपक आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं तर वन्सं! घरातल्या सपाता, विस्कटलेले केस, हातात पेन्सिल. जिना कधी उतरल्या देव जाणे.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीसमोर कोंबडा अचानक थांबला, कारण समोर कुत्रा होता. चांगला वासराएवढा, लाँड्रीवाल्याचा. एरवी दिवसभर झोपतो, पण तेव्हा उभा होता आणि कान टवकारून बघत होता. मागे आम्ही, एका बाजूला भिंत. पळायला जागा नव्हती.

कोंबड्याने एक पाय उचलून छातीशी घेतला. शेपटीची कमान ताणली. मान मागे वळवून आमच्याकडे एक डोळा ठेवला आणि दुसरा कुत्र्यावर. टोपीचं एकेक पीस ताठ. आणि दाढीखाली गळ्याचं कातडं मात्र थरथरत होतं, बारीक, भराभर.

तीच सावली. पुस्तकातली.

"कुणी हलू नका," वन्सं म्हणाल्या. वर्गातला आवाज होता तो. डॉक्टर हलले नाहीत, हे हलले नाहीत, लाँड्रीवाला कपडा हातात धरून थिजला, आणि खरं सांगते, कुत्रासुद्धा खाली बसला. वन्संनी इकडेतिकडे पाहिलं. कागद नव्हता. त्यांनी लाँड्रीवाल्याच्या काउंटरवरून शर्टाला गुंडाळायचा तपकिरी कागद ओढला आणि तो भिंतीवर धरून तिथेच उभ्याने काढू लागल्या. हात असा चालत होता की मी त्यांचा तो हात कधी पाहिलाच नव्हता.

मग डॉक्टरांनी सावकाश पुढे होऊन कोंबड्याला काखेत घेतलं. त्याने चोचसुद्धा मारली नाही. डोकं त्यांच्या कोटात खुपसलं.

"तो घाबरला होता गं," वन्सं मला म्हणाल्या. धाप लागली होती त्यांना, गाल लाल झाले होते. "त्या चाकावर बसतो ना, तेव्हा तो नुसता ऐटबाज. आणि मी ऐटच काढत बसले होते. पण हा असा उभा राहतो तो भ्यायल्यावर. पाय कापतायत आणि तरी छाती पुढे. ज्याने पहिलं चित्र काढलं त्याला हे दिसलं होतं, बघ."

"तुम्हालाही दिसलं की," मी म्हटलं.

"मला? मला ते न दिसून कसं चालेल? शाळेतला माझा पहिला दिवस तू पाहिला नाहीस. साठ पोरं, आणि मी अशीच उभी होते. एका पायावर." आणि चष्मा वाफाळला.

पुढचे दोन दिवस त्या खोलीबाहेर आल्या त्या फक्त चहाला आणि कोंबड्याला एकदोनदा विचारून जायला. तिसऱ्या दिवशी चित्र टेबलावर ठेवलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टर आले. त्यांनी चित्राकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मोठ्याने हसायला लागले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अरे, हा तू होय!" ते चित्राला म्हणाले. "इतकी वर्षं तू होतास होय रे!"

वन्संनी वळून पाहिलं. 'छान' कुणी म्हटलं नाही, आणि कुणी म्हणावं असं त्यांना वाटलंही नाही.

ह्यांनी एकच अट घातली. चित्र नवं आहे हे मागे बारीक अक्षरात लिहायचं, उगाच पुढे कुणी फसायला नको. वन्संनी लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं. लिहिताना हात जरा थांबला. आतापर्यंत ते नाव प्रगतिपुस्तकांवरच पडायचं. मी ती पट्टी शिवणीतून काढली, नवं पान तिथे बसवलं, समोरची सावली मात्र तशीच ठेवली. पुस्तक मिटलं की दोघे एकमेकांवर बरोबर टेकतात, काय तो एका शेपटीच्या पिसाचा फरक.

नात निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः पुस्तक घ्यायला आली. पान उघडून आधी बोटं मोजली. आजोबांचीच नात. मग कोंबड्याला उचलून, त्याच्या गळ्याखाली बोट घालून त्याच्याशी काय काय बोलली आणि त्यालाही ते पटलेलं दिसलं. जाताना ती वन्संना म्हणाली, "आजी, हा पळून जायच्या बेतात आहे की लढायच्या?"

"ते त्याला पण माहीत नाही," वन्सं म्हणाल्या, आणि पोरगी इतकी खूश झाली की तिने त्यांना मिठीच मारली.

कोंबडा त्याच्या शेतावर परत गेला. दुकान चार दिवस सुनं सुनं वाटलं आणि मग खळ झाकायला नको म्हणून बरंही वाटलं. पुस्तक तिकडे कॉलेजात पोचलं आणि हातोहात फिरलं. तिथल्या ग्रंथालयाच्या बाईंनी फोन केला. त्यांच्याकडे असल्याच जुन्या पुस्तकांचा ढीग आहे, अर्ध्यांची चित्रं कुणीतरी नेलेली. एकात डुक्कर नाही, एकात नाशपाती नाही, आणि फुलपाखरांच्या एका पुस्तकात तर एक अख्खा पतंग, अंड्यापासून पंखांपर्यंत, गायब.

"मी सध्या रिकामी नाही," वन्सं फोनवर म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यापासून चालेल."

डुकरासाठी डॉक्टर त्यांना गाडीतून शेतावर घेऊन गेले. संध्याकाळी दोघं गुडघ्यापर्यंत चिखलात माखून परत आली, कुणाची चूक यावरून वाद घालत. डॉक्टर हल्ली पेशंट नसतानाही येतात. शब्दकोडं दोघं मिळून सोडवतात आणि ते करणाऱ्याला दोघं मिळून नावं ठेवतात.

पतंगाचं काम मात्र लांबलंय. तो जिवंतच पाहिजे, म्हणून वरच्या खोलीत आता जाळीच्या पेटीत सुरवंट आहेत. पानं आणायचं काम ह्यांच्याकडे आहे आणि हे ते इमानेइतबारे करतात. काल सकाळी शर्टाच्या खिशातून पेन काढायला गेले तर बोटावर सुरवंट चढून आला. हे ओरडले नाहीत की काही नाही. तसंच बोट सरळ धरून जिना चढले, दारावर टकटक केली आणि म्हणाले, "ताई, हा खाली आला होता."

"आत आण," वन्सं म्हणाल्या, "पण दार हळू लाव. दोघं कात टाकतायत."